धुराडेवाला ओनोफ्रे आणि बटाट्याची सालं

आमचा म्हातारा कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे बघत नाही, चुलीकडे बघतो. मग ते लग्नाचं घर असो की मयताचं. माझ्या थोरल्या काकाची शवपेटी बाहेरच्या खोलीत ठेवलेली, बायका जपमाळ ओढताहेत, आणि हा ओनोफ्रे लेविकोय स्वयंपाकघरात शिरून बोटाच्या पेरानं धुराड्यावर टकटक करतोय. काकू रडता रडता थांबली. मला म्हणाली, "नोल्फा, तुझा नवरा आत काय करतोय गं?" मी म्हटलं, "दुःखच करतोय, त्याच्या पद्धतीनं. तुम्ही रडा."

पण त्याचंही खरं आहे. आमचं बेटावरचं चोन्ची गाव म्हणजे नखशिखांत लाकूड. भिंती लाकडाच्या, जमीन लाकडाची, भिंतींना बाहेरून ठोकलेल्या खापऱ्यासुद्धा लाकडाच्या. आणि प्रत्येक घराच्या मधोमध एक लोखंडी चूल, जी स्वयंपाकही करते, घरही उबवते आणि पावसाळ्यात, म्हणजे वर्षाचे दहा महिने, कपडेही वाळवते. चुलीतून पत्र्याचं धुराडं निघतं ते माळ्यातून, छपरातून थेट आभाळात. त्या धुराड्यात काजळी साठली आणि एकदा का ती आतल्या आत पेटली, की घर तर जातंच, वर शेजारची दोन घरं हुंड्यात नेतं. म्हणून थंडी पडायच्या आधी सगळ्या गल्लीला ओनोफ्रेची आठवण येते. एरवी कुत्रं विचारत नाही.

त्याची हत्यारं म्हणाल तर चार वेळूच्या काठ्या, एकीत एक खोचायच्या. टोकाला तारेचा ब्रश, तो त्यानं स्वतः बांधलेला. होडीच्या जुन्या नांगराचा तुकडा दोराला लावलेला, वरून सोडायला. आणि एक कोट. तो कोट माझ्या घराचा उंबरा ओलांडत नाही, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ठरलं. एकोणचाळीस वर्षं मी या माणसाचे कपडे धुतेय. रविवारी चर्चमध्ये कडक इस्त्रीचा सदरा घालून बसतो, पण वळून बघितलं की कानाच्या पाळीमागे काळं. पाद्रीबाबाही हसतात.

धुराडं साफ आहे की नाही हे तो आवाजावरून सांगतो. बोटानं ठोकलं आणि टण्ण वाजलं तर घरातल्या बाईला म्हणणार, "झोपा निवांत." थप्प वाजलं तर काही न बोलता बाहेर जाऊन शिडी लावणार. मग सुरू होतं त्याचं प्रवचन. लाकूड वर्षभर वाळलेलं हवं. राख रोज काढा, पण तळाला दोन बोटं राहू द्या, तिच्यावर निखारा तग धरतो. रंग दिलेली फळी जाळू नका. आणि रात्री आग कोंडून ठेवू नका, कोंडलेल्या आगीचा धूर आळशी असतो, वर जायचं सोडून नळीलाच चिकटतो आणि त्याचं डांबर होतं. हे सगळं मला पाठ आहे. झोपेत विचारलंत तरी म्हणून दाखवीन.

फक्त एका गोष्टीवरून आमच्यात कायमचं भांडण. बटाट्याची सालं.

माझी आई सांगायची, दर शनिवारी चुलीत बटाट्याची सुकी सालं टाका, धुराडं आपोआप साफ होतं. तिच्या आईनं तिला तेच सांगितलेलं. या बेटावरच्या कुठल्याही बाईला विचारा, तेच सांगेल. हा विषय निघाला की ओनोफ्रेच्या अंगाचा तिळपापड. "सालं डुकराला, ब्रश धुराड्याला! सालांनी धुराडी साफ होत असती तर मी काय इतकी वर्षं छपरावर कावळे मोजत होतो?" मीही सोडणारी नव्हे. तो कामाला बाहेर पडला की मी मूठभर सालं टाकायचीच. घरी येऊन नाक वर करून हुंगायचा आणि म्हणायचा, "म्हातारे, डुक्कर आज उपाशी राहिलं वाटतं."

सांगायची गोष्ट आहे ती आमच्या शेजारणीच्या चुलीची.

इस्मेनिया. भिंतीला भिंत लागून तिचं घर. माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच हातावर धरलं होतं, तेव्हापासून ती माझी कोमाद्रे, म्हणजे बहिणीपेक्षा जवळची आणि सासूपेक्षा हट्टी. तिचा नवरा एलादियो सहा वर्षांपूर्वी गेला. सकाळी उठला, चूल पेटवली, तिच्यासाठी पाणी ठेवलं, खुर्चीत बसला आणि पाणी उकळायच्या आत गेला. तेव्हापासून ती आग तिनं विझू दिली नाही. सहा वर्षं! रात्री लुमाच्या झाडाचं जाड लाकूड आत सारायची, वर राख ओढायची, झडप बंद करायची, आणि पहाटे उठून राखेखालचा निखारा फुंकायची. "ही एलादियोनं पेटवलीय," म्हणायची. त्यावर कोण काय बोलणार?

ओनोफ्रे बोलायचा. कारण पेटती चूल साफ करता येत नाही, आणि आग रोज रात्री कोंडायची म्हणजे त्याच्या हिशेबी सगळ्यात मोठं पाप. दर वर्षी तो शिडी घेऊन तिच्या दारात उभा. "इस्मेनियाबाई, एक दिवस. फक्त एक दिवस विझवा." ती त्याला मिल्काओ खाऊ घालायची, भरपूर बटाट्याचा, डुकराची चरबी घातलेला, गरमागरम. आणि म्हणायची, "मी सालं टाकते की दर शनिवारी." आमचा म्हातारा तोंडातला घास गिळून, शिडी खांद्यावर टाकून परत यायचा.

त्या वर्षी मे महिन्यात, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, तो तिच्याकडून आला आणि ताटाला हात लावेना.

"काय झालं? मिल्काओ पोटभर झाला वाटतं."

"म्हातारे, तिचं धुराडं आता थप्पसुद्धा वाजत नाही. भिंतीवर ठोकल्यासारखं लागतं. सांध्यातून डांबर गळतंय, तिनं खाली मुरंब्याचा डबा लावलाय. वरचं टोपणही गंजून गेलेलं." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "एक वाऱ्याची रात्र आली ना, की संपलं. ती आत झोपलेली असणार."

मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तिच्या मुलाचा फोन आला. रुबेन तिकडे दक्षिणेला, पुंता आरेनासला, मेंढ्यांच्या कामाला गेला तो तिथलाच झाला. बाप गेल्यावर आईला दोनदाच भेटलेला. त्याला मुलगा झाला होता. जूनमध्ये बाप्तिस्मा, आणि आईनं चांगलं दीड महिना राहायला यावं असा आग्रह. बसचं तिकीटही त्यानं काढून पाठवलं. इस्मेनियानं आम्हाला बाळाचा फोटो दाखवला. एलादियोचंच नाक, दुसरं काही नाही. फोटो दाखवून झाल्यावर तो तिनं फडताळात ठेवला, तिकीट त्याच्याखाली ठेवलं, आणि म्हणाली, "मी काही जात नाही."

"का गं?"

"चुलीपाशी कोण बसणार?"

"मी बसेन की!" मी म्हटलं.

"तू?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचा नातू सांभाळायला नव्हे, विकायला मागितलाय. "कोमाद्रे, राग मानू नकोस, पण तुझी चूल दिवसातून दोनदा विझते. धुराडेवाल्याची बायको असून."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. मी उठून जाणार, तेवढ्यात ओनोफ्रे म्हणाला, "इस्मेनियाबाई, आग विझवायचीच नाही असं करू. ती तीन तास आमच्याकडे पाहुणी येऊ दे. इथं चूल गार झाली की मी धुराडं साफ करतो. मग ती आपल्या घरी परत."

इस्मेनिया बराच वेळ चुलीच्या दारावरून फडकं फिरवत बसली. मग म्हणाली, "तुमच्या आगीत मिसळायची नाही."

"नाही मिसळणार. आमची विझवतो."

"तुमच्या जुन्या राखेतही नाही."

"राख काढतो."

"आणि सांभाळेल कोण?"

आमचा म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. तिनंही बघितलं. "बरं," ती म्हणाली, "नोल्फा, तीन तास तू ही आग जिवंत ठेवून दाखव. तीन तास जमलं तर दीड महिनाही जमेल. मग मी जाईन नातवाला बघायला. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, दोघांनीही."

आता सांगा, माझी अर्धी पावरोटी भाजायची होती, मे महिन्याची थंडी, आणि मी माझी चूल विझवायची ती दुसरीच्या आगीला जागा द्यायला! पण फोटोतलं ते नाक डोळ्यांसमोरून जाईना. ओनोफ्रेनं आदल्या दुपारी आमची चूल अशी साफ केली की नवी घेतली तेव्हाही इतकी नव्हती. राखेचा खण रिकामा केला, भट्टीच्या भोवतालची पोकळी हात घालून खरवडली, जाळी बाहेर काढून धुतली, वरचं लोखंड डुकराच्या कातड्यानं घासून चकचकीत केलं. मी म्हटलं, "घरच्यांसाठी कधी केलंस का रे असं?" तो म्हणाला, "घरच्यांनी कधी अटी घातल्या?"

सकाळी नऊला लोखंडी भांड्यात तळाला राख, वर निखारे, वर झाकण, असं करून इस्मेनियानं स्वतः आग आणली. आमच्या चुलीत ठेवली. वर बारीक काड्या रचल्या, ज्योत धरली, आणि मला म्हणाली, "जाड लाकूड एकदम टाकू नकोस." मी म्हटलं, "नाही टाकत." "झडप अर्धीच." "अर्धीच." "आणि उठू नकोस." मग ती गेली, आणि पलीकडे छपरावर ओनोफ्रेचे पाय वाजायला लागले.

दीड तास मी हलले नाही. आजारी माणसाजवळ बसावं तशी बसले. एक काडी घालायची, बघायचं, दुसरी घालायची. माते, म्हणजे आमचा नळीनं ओढायचा कडू चहा, तोसुद्धा घेतला नाही, न जाणो नळी तोंडात आणि डोळे मिटले तर. आग छान धरली होती. मला जरा अभिमानही वाटायला लागला.

आणि तेवढ्यात छपरावरून बोंब. "म्हातारे! दोर अडकलाय! खालून धर!"

गेले. जावं लागलं. सहा वर्षांच्या डांबरात नांगराचा तुकडा रुतून बसलेला, आणि हा वर एका हातानं धुराड्याला मिठी मारून उभा. मी खालून शिडी धरली. वारा सुटला, आणि आमच्याकडे सुटतो तसा पाऊस सुटला, वरून नव्हे, चारी बाजूंनी. "उतर खाली!" मी ओरडले. "सुटलाच आता!" तो ओरडला. असं दहा मिनिटं चाललं. शेवटी दोर सुटला आणि धुराड्यातून ढेकूळच्या ढेकूळ खाली कोसळल्याचा आवाज आला. वरून म्हाताऱ्याचं हसू ऐकू आलं. मी घराकडे पळाले.

दारातच मला चर्रर्र ऐकू आलं.

चुलीचं दार उघडलं. वाफ, आणि वाफेखाली काळा चिखल. धुराड्यातून पाण्याची धार सरळ निखाऱ्यांवर पडत होती. आमचं धुराडं सरळसोट आहे, पण त्याला वर पत्र्याचं टोपण आहे, पाऊस येईलच कसा? मी तशीच अंगणात गेले, वर बघितलं. टोपण नाही. उघडं तोंड आभाळाकडे.

"ओनोफ्रे! आपल्या धुराड्याचं टोपण कुठंय?"

पलीकडच्या छपरावर तो थबकला. त्यानं आमच्या छपराकडे बघितलं. मग आपल्या हाताखाली बघितलं. इस्मेनियाच्या नुकत्याच झाडलेल्या धुराड्यावर आमचं टोपण बसवलेलं होतं, आणि त्यावर त्याचा हात होता.

"इथंय," तो म्हणाला. "तिचं गंजलं होतं. काल साफ करताना आपलं उतरवून ठेवलं होतं. आपल्याला उद्या नवं करणार होतो."

इतकी वर्षं सगळ्या गावाची धुराडी सांभाळणारा माणूस, स्वतःचंच उघडं टाकून बसला! मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. इस्मेनियानं खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं गं?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "काही नाही!"

घरात येऊन मी चिखल उपसला. फळीवर काडेपेटी होती. खोटं कशाला बोलू, हातात घेतली. एक काडी ओढायची, काड्या रचायच्या, बारा वाजता भांड्यात भरून द्यायची. आग आगीसारखीच दिसते. ती बसमध्ये बसेल, नातवाला मांडीवर घेईल, कुणाचं काय बिघडलं? काडी काढलीही. पण मग तिचं ते "राग मानू नकोस" आठवलं, आणि वाटलं, इतकी वर्षं हिच्या डोळ्यांत बघून बोलले, उद्यापासून कुठं बघू?

काडी परत पेटीत ठेवली, आणि ठेवता ठेवता डोक्यात उजेड पडला. सकाळी सातला, आम्ही अजून भांडं शोधत होतो तेव्हा, पलीकडची शिवणवाली सुनिल्दा पत्र्याचं फावडं घेऊन इस्मेनियाच्या दारात आली होती. "थोडी आग द्या." आमच्या गल्लीत हे रोजचंच. चूल विझली की काडी कोण ओढत बसतं, ओल्या हवेत लाकूड धरत नाही. फावडं घ्यायचं, शेजारी जायचं. म्हणजे एलादियोची आग सुनिल्दाकडे होती!

डोक्यावर पोतं घेतलं, लोखंडी भांडं घेतलं आणि धावले.

सुनिल्दा तोंडात टाचण्या धरून शिवत होती. चूल गार. "इस्त्रीपुरतीच हवी होती गं," ती म्हणाली. "उरलेली बाउदिलियो घेऊन गेला."

"कोण बाउदिलियो? बंबवाला?"

"हो. बंबखान्यातली चूल विझली होती म्हणे."

बंबखाना उताराच्या तळाशी, धक्क्याजवळ. त्रेसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, भर पावसात घसरत, चर्चची भिंत धरत उतरतेय. आत बाउदिलियो, आगीच्या बंबाचा चालक, चुलीसमोर खुर्ची टाकून, शिरस्त्राण मांडीवर ठेवून पेंगत होता. चूल रसरशीत. मी दारातच विचारलं, "ही आग कुठली?"

तो दचकून उभा राहिला. "कुठं लागलीय?"

"लागली नाही. ही, चुलीतली. कुठून आणलीस?"

"सुनिल्दाकडून. सकाळी."

"त्याआधी चुलीत काही होतं? खरं सांग."

"बर्फ होता. काय झालंय काय, नोल्फाबाई?"

"मला ती परत हवीय."

बाउदिलियोनं माझ्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. "बावीस वर्षं इथं आहे मी. लोक आम्हाला आग विझवायला बोलावतात. मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." पण चिमट्यानं चांगले पाच-सहा निखारे काढून दिले. मी झाकण लावलं आणि निघाले, तर हा शिरस्त्राण चढवून मागे. एका हातात छत्री, दुसऱ्यात पाण्यानं भरलेली बादली.

"तू कुठं?"

"बंबखान्यातून आग बाहेर पडतेय. एकटी कशी सोडू? नियम आहे."

"असा कुठला नियम?"

"आत्ता केला."

अशी आमची वरात चढ चढत निघाली. पुढे मी भांडं घेऊन, मागे बाउदिलियो माझ्या डोक्यावर छत्री धरून आणि बादली हिंदकळत. खिडक्या उघडल्या. सुनिल्दा टाचण्यांसकट बाहेर आली. कुणीतरी ओरडलं, "बाउदिलियो, आता आग पोचवायलाही सुरुवात केलीत का?" मी मान खाली घालून चालत राहिले. भांडं हाताला भाजत होतं, आणि मला आनंद वाटत होता की भाजतंय.

इस्मेनिया दारातच उभी. मागे तिची गार चूल, साफसूफ, आणि तिच्याशेजारी आमचा म्हातारा, नखशिखांत काळा, चेहऱ्यावर अपराध्यासारखा भाव. बाराला दहा कमी. तिनं मला बघितलं, बाउदिलियोला बघितलं, बादली बघितली.

"आग तुझ्या घरात होती ना?" ती म्हणाली.

बोलायचं तर एका दमात बोलायचं. "कोमाद्रे, माझ्याकडे विझली. तीन तास नाही जमले मला. ही बंबखान्यातली आहे. बाउदिलियोनं सुनिल्दाकडून नेली होती, आणि सुनिल्दानं सकाळी तुझ्याकडून. म्हणजे आहे तीच. पण माझ्या हातून गेली, आणि तू म्हणालीस तेच खरं झालं. तिकडे जायचं नसेल तर नको जाऊस. मला शिव्या घाल." आणि मला रडू आलं. थंडीनं, पळण्यानं, म्हाताऱ्याच्या रागानं, सगळ्यानं.

इस्मेनियानं शिव्या घातल्या नाहीत. तिनं बाउदिलियोलाच विचारलं, "माझी आग बंबखान्यात कशी?"

"नेहमीच असते की," बाउदिलियो म्हणाला. "आमची विझली की सुनिल्दाकडून नेतो, सुनिल्दाची विझली की ती तुमच्याकडून. पाववाला तुमच्याकडूनच नेतो. शाळेच्या बाई आमच्याकडून. बाई, सहा वर्षांत या गल्लीत काडेपेटी कुणी विकत घेतलीय?"

ती खुर्चीत बसली. एलादियोच्याच खुर्चीत. मला वाटलं आता ही रडणार. पण तिचे खांदे हलायला लागले, आणि ती हसत होती. "एलादियोनं तीनदा अर्ज केला होता रे तुमच्या बंबात भरती व्हायला," ती बाउदिलियोला म्हणाली. "तीनदा नाही म्हणालात. पाय आखूड आहे म्हणून. शेवटी घुसलाच की आत!" आम्ही सगळेच हसायला लागलो. बाउदिलियोनं शिरस्त्राण काढून छातीशी धरलं, तेही हसतच.

मग ती हळूच म्हणाली, "मला वाटत होतं, मी एकटीच बसलेय तिच्याजवळ."

 ओनोफ्रेनं माझ्या हातातून भांडं घेतलं, निखारे तिच्या चुलीत ओतले, काड्या घातल्या. आग धरली तशी ती अशी ओढून वर गेली की चूल गुरगुरली. सहा वर्षांत त्या घरात असा आवाज आला नव्हता. त्यानं धुराड्यावर टकटक केलं. टण्ण! इस्मेनियानं डोळे पुसले आणि विचारलं, "ती बस कधी सुटते?"

जूनच्या पहिल्या सोमवारी ती गेली. एका पिशवीत कपडे, दुसरीत बटाटे, जणू पुंता आरेनासला बटाटे पिकत नाहीत. बसच्या दारातून आम्हाला सूचना. लाकूड कुठलं, झडप किती. माझ्यावर तिनं आता विश्वास ठेवला होता, पण किल्ली मात्र म्हाताऱ्याच्या हातात दिली. आणि शेवटी, "ओनोफ्रे, शनिवारी सालं टाकायची. विसरायचं नाही. शब्द दे."

 त्याच्या कपाळाची शीर उडताना दिसली मला. "देतो," तो म्हणाला.

चला, बसमध्ये बसलेल्या बाईला माणूस काहीही सांगतो, असं मी धरून चालले.

रोज सकाळी सहाला तो तिच्या घरी जायचा. शनिवारी मी जेवणाचे बटाटे सोलले, तर हा आला आणि सालं फडक्यात गोळा करायला लागला.

"कुठं नेतोस?"

"डुकराला."

मी मान डोलावली. तो गेल्यावर आठवलं, डुक्कर तर आम्ही आठवड्यापूर्वीच कापलं होतं. तिच्याच निरोपाचं जेवण होतं ते, दोन ताटं वाढून घेतली होती यानं.

मी त्याच्या मागोमाग गेले आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. त्यानं कोट दाराबाहेर काढून ठेवला होता, माझ्या घराबाहेर ठेवतो तसाच. राख ओढली, दोन बोटं ठेवून. फडकं सोडलं आणि एक एक करून सगळी सालं आत टाकली, एकही बाहेर न सांडता. दार लावलं. थोडा वेळ थांबला. मग बोटानं धुराड्यावर ठोकलं, कान लावला, आणि एलादियोच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाला, "साफ आहे रे. तिला सांगतो, सालांनीच झालं म्हणून."

मी आवाज न करता परत आले आणि पुढच्या शनिवारसाठी आणखी चार बटाटे सोलायला घेतले.